एकच पोळी

जनावरांच्या दवाखान्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. कुत्रं चावलं तर काय करायचं, आणि म्हैस आटली तर काय द्यायचं. पहिल्याचं उत्तर माणसांच्या दवाखान्यात मिळतं आणि दुसऱ्याचं बहुतेक वेळा म्हशीच्या वयात असतं, हे मी सांगून सांगून थकलो. घोड्याबद्दल मला कोणी फारसं विचारलं नाही. ते बरंच झालं, कारण घोड्यातलं मला जेमतेम येत होतं. तरीही या अंकासाठी काही लिहा म्हटल्यावर सगळ्या गाई, म्हशी, शेळ्या बाजूला सारून एक घोडीच पुढे येऊन उभी राहिली. तिच्याबद्दल मी आजवर कोणाशी धड बोललेलो नाही. बायकोशीही नाही.

आधी माझं काम सांगतो, म्हणजे गैरसमज नको. मी डॉक्टर नाही. पशुधन पर्यवेक्षक. लसी टोचायच्या, गाईंना कृत्रिम रेतन करायचं, गोऱ्हे खच्ची करायचे, जनावरांची गणना करायची, आणि जनावर मेलं की पंचनाम्याला हजर राहायचं. गावात मला सगळे डॉक्टरसाहेब म्हणत. तालुक्याचे खरे डॉक्टर आले की त्याच लोकांच्या लेखी मी तेवढ्यापुरता कंपाउंडर होई, आणि त्यांची गाडी वळली की पुन्हा डॉक्टर. या चढ-उतारांची मला सवय झाली होती. अनसिंग, कामरगाव, शेवटी किन्हीराजा, असा माझा सगळा प्रवास वाशीम जिल्ह्यातच झाला. उजवा हात खांद्यापर्यंत गाईच्या पोटात आणि डाव्या हातानं शेपटी धरलेली, या अवस्थेत मी निम्मं आयुष्य काढलं असं म्हटलं तरी चालेल.

घोड्याची पहिली ओळख कामरगावला झाली. नोकरी नवी होती आणि अंगात ज्ञान मावत नव्हतं. तिथे दोन-तीन टांगे अजून चालत. त्यातल्या एका टांग्याचे मालक करीमचाचा. त्यांच्या घोड्याचं पोट फुगलं म्हणून मला बोलावणं आलं. फुगलेला बैल मी तोवर दोनदा वाचवला होता. डाव्या कुशीत एक जाडसर पोकळ सुई खुपसायची, हवा फुस्सकन बाहेर येते, बैल उठतो, मालक पाया पडतो. मी तीच सुई काढली आणि घोड्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो. चाचांनी माझं मनगट धरलं.

"साहब, ये बैल नही है," ते म्हणाले. "बैल के चार पेट हैं. इसका एक, और वो भी छोटा. रख दो वो."

मग त्यांनी घोड्याला तास-दीड तास हळूहळू चालवलं. मी सुई हातात घेऊन मागे मागे फिरत होतो. घोड्यानं लीद टाकली तेव्हा चाचा खाली बसले, लिदेचा गोळा फोडून बघितला आणि मला म्हणाले, "घोडा उलटी नही करता. जो हलक के नीचे उतरा, वो वापस नही आता. इसलिए इसके मुँह की चौकीदारी मालिक को करनी पडती है."

हे पुस्तकात होतंच. परीक्षेत मी ते लिहून मार्कही मिळवले होते. पण कळलं ते त्या दिवशी. बैल घाईघाईनं गिळतो आणि मग सावलीत बसून निवांत रवंथ करतो. त्याची चूक सुधारायला त्याच्याकडे वेळ असतो. घोड्याला ती सोय नाही. चाचांनी मला पुढे आणखी बरंच शिकवलं. टांगे बंद पडले तसे ते लेकाकडे निघून गेले, आणि पुढची कित्येक वर्षं मला घोडा दिसला तो लग्नाच्या वरातीतच, तोही पाठमोरा.

आता मुख्य गोष्ट. माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. किन्हीराजापासून आत सत्तरेक उंबऱ्यांचं एक गाव आहे. त्याचं नाव मी लिहीत नाही. का, ते पुढे कळेल. तिथले नामदेवभाऊ जून महिन्यात दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसले. साठीचा माणूस, अंगानं काटक, बोलणं कमी.

"एक जनावर पाह्यता का साहेब?" त्यांनी विचारलं. "गाय नाई. घोडी हाये."

घोडी त्यांच्या भाच्याची होती. भाचा लग्नात घोडी भाड्यानं द्यायचा. पुण्याला कंपनीत काम लागलं तसा तो निघून गेला आणि घोडी शेडमागे बांधलेली राहिली. शेजाऱ्यांनी कधी सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, टाकलं, कधी नाही. नामदेवभाऊ बहिणीला भेटायला गेले, त्यांनी ते पाहिलं आणि त्याच दिवशी पिकअपमध्ये घालून तिला घरी आणलं. तिचं नाव बिजली. भाच्यानं ठेवलेलं.

मी गेलो तेव्हा बिजली बैलांच्या गोठ्यात उभी होती. बैल नव्हते. आदल्या वर्षी मुलानं, बंडूनं, ट्रॅक्टर घेतला आणि बैलजोडी विकली होती. घोडीच्या पाठीचा कणा वर आलेला, दोन्ही बाजूंना वीतभर खळगे, माकडहाडाच्या दोन्ही अंगांना कातडी आत गेलेली. मान इतकी बारीक की डोकं तिचं नाही असं वाटावं. पण मी आधी पाहिलं ते तिच्यासमोरचं घमेलं. भिजवलेला हरभरा, सरकीची ढेप, म्हणजे पेंड, आणि वर गुळाचा खडा. नामदेवभाऊंनी नुकतंच आणून ठेवलं होतं. घोडी त्यात तोंड घालणार तेवढ्यात मी ते उचललं.

"काहून?" नामदेवभाऊंचा चेहरा उतरला. "उपाशी जीव हाये साहेब. खाऊ द्या ना."

"हे खाल्लं तर उद्यापर्यंत राहणार नाही," मी म्हणालो.

मला असं तोडून बोलायची सवय आहे, आणि ती चांगली नाही. मग बसून समजावून सांगितलं. बरेच दिवस उपाशी राहिलेलं जनावर हाडांचा सापळा दिसतं म्हणून आपला हात सैल सुटतो. पण त्याच्या शरीरानं तेवढ्यातच भागवायची सवय करून घेतलेली असते. त्यात दाणा आणि गूळ एकदम पडला की रक्तातले क्षार इकडचे तिकडे होतात आणि दोन-चार दिवसांत काळीज बंद पडू शकतं. लोक म्हणतात, खाता खाता मेली, नशीबच खोटं. नशिबाचा त्यात काही संबंध नसतो. बैल खंगला तर ढेप आणि हरभरा, हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे. घोडीला तेच देणं म्हणजे मायेनं मारणं.

मी कागदावर लिहून दिलं. वाळवलेला लसूणघास, अर्धा किलो, दिवसातून सहा वेळा. बस. दाणा नाही, ढेप नाही, गूळ नाही, शिळी भाकरही नाही. पाणी कायम भरलेलं. मिठाचा खडा चाटायला. चार दिवसांनी घास थोडा वाढवायचा, सोबत वाळलेलं मारवेल गवत, आणि दहा दिवसांनी फेऱ्या कमी करून प्रत्येक फेरीचं माप मोठं करायचं. नामदेवभाऊंनी कागद हातात धरला आणि म्हणाले, "अर्धा किलो म्हंजे कवळाभर का?" या माणसानं जन्मभर बैलांना कवळ्यानं, म्हणजे कवेत मावेल तेवढा, चारा टाकलेला. त्यांच्या हाताला मापच नव्हतं.

तेवढ्यात त्यांची सून वैशाली बाहेर आली. कागद तिनं घेतला, मोबाइलमध्ये सहा गजर लावले आणि भाजी तोलायचा लटकवायचा काटा गोठ्याच्या खुंटीला टांगला. "आबा, तुमी चारा टाकायचा, मी तोलायचा," ती सासऱ्यांना म्हणाली. त्या दिवसापासून माझा जीव थोडा भांड्यात पडला.

पुढचे दहा दिवस घोडीत काही फरक दिसला नाही. हे मी आधी सांगून ठेवलं होतं, पण सांगितलेलं कोणाच्या ध्यानात राहतं? गावात सल्ला देणाऱ्यांना ऊत आला. एक म्हणाला रोज चार अंडी फोडून पाजा. एकानं बीअर सुचवली, आणि ती स्वतः आणून द्यायची तयारीही दाखवली. एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं की डॉक्टर लोक मुद्दाम जनावर उपाशी ठेवतात, म्हणजे औषधं खपतात. मी त्याला नुसतं हूं म्हणालो. नामदेवभाऊ मात्र कोणाचं ऐकत नव्हते. त्यांनी माझं ऐकायचं ठरवलं होतं आणि ते गजराबरोबर उठत होते.

आमच्या तालुक्याच्या गावाहून, मालेगावहून, डॉक्टर मॅडम एकदा येऊन गेल्या. बिजलीच्या दाढांच्या कडा धारदार होऊन गालात रुतत होत्या, चारा नीट चावला जात नव्हता. मॅडमनी दाढा कानशीनं घासल्या. ती कानशी आमच्या दवाखान्याच्या पेटीत मी रुजू झाल्यापासून कधी वापरली गेली नव्हती. तीन आठवड्यांनी जंताचं औषध दिलं. दर सोमवारी मी शिंप्याची टेप घेऊन जायचो आणि तिच्या पुढच्या पायांमागून छातीचा घेर मोजायचो. पहिल्या दोन सोमवारी तोच आकडा. तिसऱ्या सोमवारी एक बोट जास्त. चौथ्याला आणखी दोन. मी लिदेचा गोळा फोडून बघायचो, तेव्हा वैशाली तोंडाला पदर लावून हसायची. हसू दे. लीद बांधून पडत होती, त्यात अर्धवट चावलेल्या काड्या नव्हत्या, आणि मला त्याचा जो आनंद व्हायचा तो सांगून पटणार नाही.

ऑगस्ट लागला तसे तिच्या पाठीचे खळगे भरत आले. कातडीला तकाकी आली. गजर वाजला की ती गोठ्यातून हाक द्यायला लागली. पण खरा फरक पडला तो नामदेवभाऊंमध्ये. बंडूनं मला एकदा फाट्यावर गाठून सांगितलं, "बैल गेल्यापासून आबा बोलतच नव्हते हो. पाटावर बसून जेवायचे अन् उठून जायचे. मागच्या पोयाच्या सणाले तर दार लावून झोपले, सांजपर्यंत उठलेच नाईत. आता पाहा, सकाळी मलेच हाक मारून उठवतात." एवढं सांगून तो घाईनं निघून गेला. बैल त्यानंच विकले होते.

पोळ्याच्या दोन दिवस आधी मी गेलो तेव्हा नामदेवभाऊ माझी वाटच बघत होते.

"साहेब, पोयाले हिले काढू का?"

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पोळ्याला बैलांना धुऊन, शिंगं रंगवून, झूल घालून गावाच्या तोरणाखाली उभं करतात. आदल्या दिवशी त्यांचे खांदे शेकतात, म्हणजे खांद्याला हळद-लोणी लावून जेवणाचं आवतण देतात, म्हणजे पाहुण्याला द्यावं तसंच. तोरण तुटलं की बैल घरोघर फिरतात. प्रत्येक घरची बाई त्यांचे पाय धुते, कुंकू लावते आणि पुरणपोळी भरवते. दारी आलेला बैल न जेवता पुढे जात नाही. त्या गावात पूर्वी चाळीसेक जोड्या होत्या असं म्हणत. आता तीन उरल्या होत्या. बाकी सगळे ट्रॅक्टर. ट्रॅक्टरलाही लोक हार घालतात, पण ट्रॅक्टर पोळी खात नाही.

"बैल नाई माह्यापाशी," नामदेवभाऊ म्हणाले. "पण जनावर तं हाये. तोरणाखाली उभी करतो. खांदे शेकतो. अन् एक पोयी देतो. देऊ ना?"

मी नाही म्हणायला हवं होतं. दाण्याचा एक कण तिला मी दहा आठवडे लागू दिला नव्हता. पण मला त्यांचा चेहरा दिसत होता, आणि खरं सांगायचं तर मलाही ती घोडी मिरवायची होती. जूनमध्ये जे लोक अंडी आणि बीअर सांगत होते त्यांनी तिला तोरणाखाली उभं बघावं असं मला वाटत होतं. एका पोळीनं घोडीला काही होत नाही, हेही खरंच होतं.

"एकच," मी म्हणालो. "तुमच्या घरची. वैशालीच्या हातची."

"एकच," नामदेवभाऊंनी हात जोडले.

मी त्या गावचा नसलो तरी याच मातीतला आहे. पोळ्याच्या दिवशी जनावर घेऊन निघालेल्या माणसाला एकाच दारी थांबता येत नाही, हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. सत्तर दारांतून त्याला हाका येणार होत्या. ते माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तर बोललो असतो का, हेही आता नक्की सांगता येत नाही.

पोळ्याला मी अनसिंगला माझ्या घरी होतो. दुपारी जेवण करून पडलो होतो, पाचच्या सुमारास वैशालीचे फोटो आले. बिजलीच्या अंगावर बैलांची जुनी झूल, कपाळावर बेगडाचं बाशिंग, खांद्याला हळद. नामदेवभाऊंनी धुतलेलं धोतर आणि फेटा घातला होता, ते ताठ उभे होते. चार फोटो. चारही फोटोंत घोडी कोणाच्या तरी हातून पोळी खात होती. मला फार बरं वाटलं. मी ते फोटो आमच्या खात्याच्या गटावर पाठवले आणि खाली लिहिलं, आमच्या बिजलीचा पोळा. सहकाऱ्यांनी शाबासकीचे अंगठे पाठवले.

चार फोटोंतल्या चार बाया वेगवेगळ्या होत्या. चार दारं वेगवेगळी होती. एका दाराला हिरवा रंग, एकाला पत्र्याची फळी. मी ते पाहिलं नाही असं मला म्हणता येणार नाही. मी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंडूचा फोन आला. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, लहान मुलं लाकडी बैल घेऊन घरोघर फिरतात. मी पोहोचलो तेव्हा ती सगळी मुलं आपापले बैल घेऊन गोठ्यासमोर उभी होती, घोडीसोबत फोटो काढायला आली होती, आणि घोडी हलत नव्हती. पोट ताणलेलं, अंगाला घाम, पुढचे दोन्ही पाय पुढे टाकून सगळा भार मागे रेललेला. ती वळून वळून आपल्याच कुशीकडे बघत होती.

"किती खाल्ल्या?" मी विचारलं.

बंडूनं वैशालीकडे पाहिलं. मग वैशालीनं सांगितलं. पहिल्याच दारी नामदेवभाऊंनी मोठ्यानं सांगितलं होतं की डॉक्टरसाहेबांनी एकच पोळी द्यायला सांगितली आहे. ही गोष्ट घोडीच्या पुढे धावत गावभर पोहोचली. त्यामुळे प्रत्येक घरानं एकच दिली. कोणी दोन दिल्या नाहीत. एका म्हातारीनं तर पोळी मोठी झाली म्हणून कडेनं तोडून बाजूला ठेवली. जोड्या तीनच उरल्यानं दोन-तीन वर्षं बहुतेकांच्या दारी धड पोळा गेला नव्हता, आणि आता जिवंत जनावर दारी उभं होतं. त्यांनी माझा शब्द अक्षरशः पाळला.

डॉक्टर मॅडम दुपारच्या आत आल्या. नाकातून नळी घालून पोट साफ व्हायला पॅराफिन तेल सोडलं, इंजेक्शनं दिली. खूर तापू नयेत म्हणून आम्ही तिला कसंबसं गावाशेजारच्या नाल्यात नेऊन गुडघाभर पाण्यात उभं केलं. नामदेवभाऊ तिचं डोकं छातीशी धरून पाण्यात उभे होते. दुसऱ्या दिवशी पोट मोकळं झालं, घाण वास येणारी पातळ लीद पडली. गावाला वाटलं वाचली. बायांनी मारुतीला नारळ फोडला. मी मात्र खाली बसून तिच्या खुरांना हात लावला. चारही खूर तव्यासारखे तापले होते.

घोड्याच्या पोटात एकदम एवढं गोड आणि पीठ गेलं की ते आतल्या आत आंबतं, त्यातलं विष रक्तात जातं आणि खुरांच्या आत सूज येते. खूर म्हणजे कडक पेटी, सुजेला बाहेर यायला जागा नाही. आतलं हाड सुटून खाली फिरतं. मग प्रत्येक पाऊल म्हणजे काचेवर चालणं. हे धडधाकट घोड्याचंही होतं. ही तर कशीबशी उभी राहिलेली.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी नामदेवभाऊंनी मला विचारलं, "कशानं झालं साहेब?" जनावराच्या मालकाशी खोटं बोलायचं नाही, हा माझा नोकरीतला एकुलता एक नियम. मी म्हणालो, "पोळ्यांनी."

त्यांनी घोडीच्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाले, "साहाव्या-सातव्या दारालेच मले कयलं होतं. म्या मोजून राह्यलो होतो. पण लोकं दारात उभे होते, साहेब. समदे माह्याकडे पाहून राह्यले होते. बैल गेल्यापासून कोनी मले हाक नाई मारली. त्या दिवशी समद्यायनं मारली. मले थांबता नाई आलं."

मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की नामदेवभाऊ, तुम्हाला सहाव्या दारी कळलं, मला चौथ्याच दारी कळायला हवं होतं. एक फोन केला असता तर तुम्ही तिथेच थांबला असता. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि उठलो.

वैशालीनं पाचव्या दिवशी चहा देताना विचारलं. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. "साहेब, पोळ्याच्या दिवशी म्या तुमाले फोटो पाठवले होते."

"हो," मी म्हणालो. "रेंज नव्हती. मी रात्री पाहिले."

फोटो बघितले की तिच्या फोनवर निळ्या खुणा येतात, आणि वेळही दिसते. तिनं कप उचलला आणि आत गेली. त्यानंतर तिनं मला चहा दिला, पाणी दिलं, घोडीच्या लिदेचा हिशेब सांगितला, पण माझ्याशी बोलली नाही.

अकराव्या दिवशी बिजली उठेना. आम्ही सहा जणांनी तिला उचलून बघितलं. ती उभी राहिली आणि लगेच पुढचे गुडघे टेकून खाली गेली. मॅडमनी खूर तपासले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की आता तिला उठवत राहणं हा छळ आहे. नामदेवभाऊंना सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी मान हलवली. ते तिच्या डोक्याशी बसले, डोक्यावरचे केस बोटांनी विंचरत राहिले आणि मॅडमनी सुई लावली. त्यानंतरही बराच वेळ त्यांची बोटं चालू होती.

बंडूनं शेताच्या धुऱ्यालगत, म्हणजे बांधाला लागून, खड्डा खणून घेतला. माती लोटून झाली तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. मॅडम त्यांच्या गाडीनं पुढे गेल्या. माझी मोटारसायकल त्या दिवशी बंद होती, म्हणून मी फाट्यावर जाऊन जीप धरणार होतो. नामदेवभाऊ सोडायला आले. फाट्याची वाट गावातून जाते.

पहिल्याच दारात ती पोळी तोडून ठेवणारी म्हातारी उभी होती. तिनं मला थांबवलं. "डॉक्टर, खरं सांगा. माह्या पोयीनं तं नाई ना झालं?"

"नाही, आजी," मी म्हणालो. "तिला आतून आधीपासूनच आजार होता. पोळीचा काही संबंध नाही."

ती आत गेली तशी शेजारच्या घरची बाहेर आली. तिनंही तेच विचारलं. मी तेच सांगितलं. मग पुढच्या घरची. हिरव्या दाराची, पत्र्याच्या फळीची. काहींनी विचारलं, काही नुसत्याच दारात उभ्या राहिल्या, त्यांनाही मी थांबून सांगितलं. एक लेकुरवाळी पोर रडायलाच लागली, तिला दोनदा सांगावं लागलं. सुरुवातीला माझी जीभ अडखळत होती. गावाच्या मध्यावर आलो तोवर ती अडखळायची थांबली, आणि मी त्या आजाराला नावही दिलं. नामदेवभाऊ माझ्या मागे एक पाऊल चालत होते. त्यांनी प्रत्येक दाराशी माझं बोलणं ऐकलं.

गाव संपलं. फाट्यावर बाभळीखाली आम्ही दोघंच उभे होतो. मालेगावकडून जीप येताना दिसत होती, अजून लांब होती.

"साहेब," नामदेवभाऊ म्हणाले, "त्या समद्यायले सांगतलं ना तुमी, तसंच मलेबी सांगा."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते, रागावलेलेही नव्हते. खोटं आहे हे त्यांना माहीत होतं आणि तरी त्यांना ते माझ्या तोंडून हवं होतं. मी ते त्यांना देऊ शकलो असतो. किंवा त्या चार फोटोंचं सांगू शकलो असतो, म्हणजे निम्मा भार तरी माझ्याकडे आला असता. दोन्हींपैकी काहीही एक त्या माणसाला चाललं असतं.

"जीप आली, नामदेवभाऊ," मी म्हणालो, आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो.